विहीणबाईंचा उजवा पाय

टोली, आसगावजवळ
२० जानेवारी

विहीणबाई,

रुखमिणीचा रामराम घ्यावा. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललाच तर "आवाज येत नाही" म्हणून ठेवून देता, म्हणून हे कागदावर. कागदाला रेंज लागत नाही. जावईबापू रविवारी गुड्डीला भेटायला येतात, त्यांच्याच हाती हे देणार आहे. आईच्या हातात द्यायचं आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्यांना सांगितलं आहे.

गुड्डी बाळंतपणाला सुखरूप पोहोचली. सातवा सरला. खाते, पिते, झोपते आणि उरलेल्या वेळात तिच्या बापाला कामाला लावते. तिची काळजी नसावी.

आता मुद्द्याचं. लग्नात तुमचं-माझं बिनसलं ते सगळ्या मांडवानं पाहिलं. वरमायचे पाय धुवायला मी परात, गडवा आणि नवा टॉवेल घेऊन खाली बसले. तुम्ही पाय लुगड्यात ओढून घेतले, उठलात आणि सरळ जेवणाच्या मांडवात जाऊन बसलात. माझ्या माहेरच्या बाया म्हणाल्या, "परात जर्मनची नेली म्हनून इहीन रुसली." परात पितळेची होती, विहीणबाई. मी घरून चिंच लावून घासून नेली होती. त्यानंतर मी तुमच्या नावानं बोटं मोडली, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर जास्तच मोडली असती.

यंदा दिवाळीला गुड्डीला न्यायला तुमच्याकडे आले. तुम्ही डोकं दुखतं म्हणून आतल्या खोलीत. मी पडवीत चहा पीत बसले. दाराशी चपलांचा एक जोड होता. डावी चप्पल बाईची, उजवी बाप्याची, तीही पट्टा कापून रुंद केलेली. मी बघते आहे हे गुड्डीनं पाहिलं, जोड उचलला आणि दाराआड नेऊन ठेवला. मी विचारलं नाही. सगळा जन्म भंडारा जिल्ह्यात गेल्यावर एवढ्यावरून कळायला काय वेळ लागतो? हत्तीपाय.

गुड्डी आजपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोललेली नाही. माझ्या पोटची पोर, पण तोंड तुमच्यासाठी बंद. मला तिचा थोडा राग आला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

तर मार्चमध्ये तुमचं नातवंड येईल. तुम्ही यायचं आहे. बाळाच्या अंगावर पहिलं अंगडं बापाच्या आईनं घालायचं, ही तुमच्याकडचीही रीत आहे. जावईबापूंना मी हे सांगितलं तर म्हणाले, "आईचा गुडघा लय दुखते, थे काही येनार नाई." गुडघा म्हणे. तुमच्या घरात सगळे तुमच्यासाठी खोटं बोलतात आणि एकालाही ते नीट जमत नाही.

तुम्ही यावं म्हणून इथली एक हकिकत सांगते.

आमच्या गावची आशा सेविका, तृप्ती, दर वर्षी हत्तीपायाच्या गोळ्या घेऊन दारोदार फिरते. ज्याला आजार नाही त्यानंही वर्षातून एकदा त्या खायच्या असतात, म्हणजे तो पुढे पसरत नाही. लोक गोळ्या घेतात, "जेवल्यावर खातो" म्हणतात आणि कोंबड्यांपुढे टाकतात. ज्या बायांचे पाय सुजलेले आहेत त्या तर तृप्ती दिसली की मागच्या दारानं वावरात. पोळ्यानंतर एकदा ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, मी एकटी किती दारं वाजवू? तुमचं भजन मंडळ आहे, विहारातलं महिला मंडळ आहे, ढिवरांची मच्छी सोसायटी आहे, कबड्डीवाले पोट्टे आहेत. सगळे आपापल्या जागी राजे. एक दिवस सगळे एका ठिकानी बसा ना."

बसा म्हणणं सोपं. बसायचं कुठे? देवळात विहारातल्या बाया येईनात, विहारात आमच्या बाया जाईनात, आणि शाळेची किल्ली गुरुजींबरोबर साकोलीला. शेवटी सोसायटीच्या शेडमध्ये बसलो, जिथे मासे तोलतात. ती जागा कोणाचीच नव्हती म्हणून सगळ्यांना चालली. नाकाला पदर लावून का होईना, सगळ्या आल्या. वासामुळे बैठक लवकर आटोपली आणि त्यामुळे भांडणाला कोणालाच वेळ मिळाला नाही.

त्या बैठकीत धुरपताबाई उठल्या. विहारातलं महिला मंडळ त्या चालवतात. बाई वयानं तुमच्याएवढ्याच असतील. त्यांनी लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि म्हणाल्या, "माह्या पायाले पाहून घ्या एकदाचं. एवढे वरसं झाकून ठेवला. झाकून का बारीक झाला?" मग आमच्या मंडळातल्या शकुनबाईनं, जी माझ्या शेजारी बसून जन्मभर टाळ वाजवते, तिनं हळूच आपलाही पाय पुढे केला. मला माहीत नव्हतं, विहीणबाई. शेजारी बसून माहीत नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी विहाराच्या अंगणात पाय धुणं चालतं. नळ तिथे आहे, ओटा आणि सावलीही तिथेच. आमच्यातल्या दोघी-तिघी कुरकुरल्या. मी म्हटलं, तुमच्या अंगणात नळ आणा, मग तुमच्याकडे बसू. आता त्याच सगळ्यांच्या आधी येऊन सावलीतली जागा धरतात. घमेली भजन मंडळाची, साबण बचत गटाचा, बसायला सोसायटीचे माशांचे क्रेट उलटे करून. पहिल्याच महिन्यात नळाखाली डबकं झालं आणि त्यात डास. डासांमुळे होणाऱ्या आजारावर आम्ही डास पाळून उपाय करत होतो. मग कबड्डीच्या पोरांनी शोषखड्डा खणून दिला.

धुण्यात विशेष काही नाही. साधं पाणी, साधा साबण, हलक्या हातानं. बोटांच्या बेचक्यांतून नीट. मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं, भेग असेल तिथे तृप्तीनं दिलेलं मलम लावायचं आणि पाय उंचावर ठेवून बसायचं. पाला बांधायचा नाही, गरम पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. पाय पहिल्यासारखा बारीक होतो असं खोटं मी लिहिणार नाही. सूज थोडी उतरते. पण तो थंडी वाजून भरणारा ताप, पाय लालभडक होऊन अंथरुणावर पाडणारा, तो शकुनबाईला पावसाळ्यानंतर एकदाच आला. आधी दर महिन्याला यायचा.

हे आपलं सहज लिहिलं. तुमचा तर गुडघा दुखतो.

तुमची विहीण
रुखमिणी


टोली
१६ फेब्रुवारी

विहीणबाई,

उत्तर नाही. जावईबापूंनी निरोप मात्र आणला : "आई म्हनते, पत्र पाठवू नका म्हना." म्हणजे वाचलंत. मी त्यांना विचारलं, पत्र ठेवलं कुठे? म्हणाले, "उशीखाली." चांगली जागा आहे.

आज तुम्हाला हसवायला लिहिते. हसू माझंच होणार आहे, तेव्हा मनसोक्त हसा.

गोळ्यांची मोहीम दहा तारखेला सुरू झाली. आमचं ठरलं होतं की यंदा तृप्तीनं दारोदार जायचं नाही, सगळ्यांनी एकत्र येऊन एकमेकांसमोर गिळायच्या. दिवस ठरवायचं काम भजन मंडळाची अध्यक्ष म्हणून माझ्याकडे आलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, एकादशी. त्या दिवशी भजनाला झाडून सगळ्या बाया येतात. धुरपताबाईंना एकादशीशी काही देणंघेणं नाही. तृप्तीनं मोबाइलमध्ये शुक्रवार पाहिला आणि मान डोलावली.

गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात, हे मला माहीत होतं. एकादशीला उपास असतो, हेही मला माहीत होतं; लहानपणापासून धरते आहे. पण या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात एकमेकींशी भेटच झाली नाही.

गोळ्या देण्याआधी तृप्तीनं एकेकीला विचारलं, "जेवन झालं का?" उपासाच्या दिवशी देवळात बसून "नाही" कोण म्हणणार? सगळ्या म्हणाल्या, झालं. कोणाचं जेवण म्हणजे अर्धा कप चहा, कोणाचं म्हणजे चार शेंगदाणे. दुसऱ्या अभंगाला एकीला गरगरलं. तिसऱ्याला दोघी ओकल्या. शकुनबाई टाळासकट बाजूच्या बाईवर कलंडली. टाळ वाजला, तेव्हा मागच्या बायांना वाटलं भजन रंगात आलं.

तृप्तीनं सगळ्यांना उपकेंद्रात नेलं. तिथे भात-वरण खाऊ घातलं, पडून राहायला लावलं, संध्याकाळपर्यंत सगळ्या आपल्या पायानं घरी. पण तोवर टोलीत बोभाटा झाला होता की देवळात जहर दिलं. दुसऱ्या दिवशी तृप्तीला एकानंही दार उघडलं नाही. पोर माझ्या ओट्यावर बसून रडली. म्हणाली, "एवढ्या सालांचं काम एका दिवसात गेलं, मावशी." तिला काय सांगू? घोळ तर मीच घातला होता. तिच्यासाठी चहा केला, त्यात साखर घालायची विसरले.

संध्याकाळी धुरपताबाई आल्या. आमच्या घरी पहिल्यांदाच. उंबऱ्याशी जरा थांबल्या, मी पाट पुढे केला, बसल्या. मला वाटलं बोलणी खावी लागणार. बाई हसत सुटल्या. म्हणाल्या, "अध्यक्षबाई, पुढच्या खेपेले दिवस मले इचारत जा. मी उपास करत नाई ना, म्हनून मले तुमचा उपास ध्यानात रायते." मग दोघी बराच वेळ हसलो. गुड्डीचे बाबा, भैयाजी, आतून बघायला आले की घरात चाललंय तरी काय.

तुम्ही इथे असतात तर तुम्हीही हसला असतात. तुमचं हसणं कसं आहे मला माहीतच नाही, लग्नात ऐकायला मिळालं नाही.

रुखमिणी


टोली
१ मार्च

विहीणबाई,

जमलं. आधी तेच सांगते.

धुरपताबाईंचा दिवस ठरला भागवत सप्ताहाच्या समाप्तीचा, काल्याच्या महाप्रसादाचा. म्हणाल्या, "पंगतीत बसलेला मानूस उपाशी कसा राहीन?" आणि पंगतीची दुसरी एक गोष्ट त्यांनी हेरली होती जी मला कधी सुचली नसती. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पंगतीतून कोणी उठत नाही. उठला तर गाव नाव ठेवतं.

पत्रावळीवर भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी, आणि बुंदीच्या मागून तृप्ती. तिच्यामागे पाण्याची बादली घेऊन धुरपताबाई. सोसायटीचे परसराम पुढे चालत एकेकाला वय विचारत होते, कारण वयाप्रमाणे गोळ्या कमी-जास्त. बायांनी खरं वय सांगावं म्हणून त्यांना बरीच मेहनत पडली. दोन वर्षांखालच्या लेकरांना नाही, फार आजारी असतील त्यांना नाही, पोटुशी म्हणून गुड्डीलाही नाही. बाकी सगळ्यांना. आमचे भैयाजी इतकी वर्षं गोळ्या कोंबड्यांना घालत आले. त्यांनी उठायला मांडी मोडली तर डावीकडचा म्हणतो, "पंगत उठली का जी?" बसले मुकाट्यानं, गिळल्या. यंदा आमच्या कोंबड्या औषधावाचून राहिल्या.

एकाच पंगतीत आमचे लोक, विहारातले लोक आणि ढिवरपुऱ्यातले लोक बसले, हेही झालं. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

आता तुमच्या गावचं. आमची कबड्डीची पोरं मागच्या हप्त्यात तुमच्याकडे सामने खेळायला आली होती. जिथे खेळायला जातील तिथे संडासाच्या टाकीच्या पाइपाला वरून जाळीचं कापड बांधून यायचं, असं त्यांनी ठरवलं आहे, कारण हे डास तिथूनच निघतात. सामना हरले, पण जाळ्या बांधून आले. त्यातला एक तुमच्या मागच्या भिंतीवर चढला तेव्हा आतून त्याला अस्सल शिव्या बसल्या. परत येऊन मला म्हणतो, "काकू, तुमच्या इहीनबाईचा आवाज का खनखनीत आहे हो."

मला बरं वाटलं. कारण तुमच्या गावचं भजन मंडळ सप्ताहाला आलं होतं, आणि तुमच्या रंभाबाई जेवताना म्हणाल्या, "मनकर्णाबाई असती त पयला अभंग थेच उचलते. आता म्हनते गळा बसला." जावईबापू चंद्रकुमारांकडे गुडघा, रंभाबाईंकडे गळा. दुखणं वर वर चाललंय तुमचं.

मांडी घालून बसलं की पाय दिसतो, म्हणून भजन सोडलंत ना? रागावू नका. शकुनबाईनंही तेवढ्यासाठी दोन वर्षं संधिवाताचं सोंग करून खुर्चीवरून टाळ वाजवला होता.

रंभाबाईंना आमची पंगत फार आवडली. पाय धुणंही पाहून गेल्या. म्हणाल्या, "आमच्याकडेही काढाव लागते हे. पन आमच्याकडे सुरुवात कोन करन?" मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. तुमचं नाव माझ्याकडून कोणाला कळणार नाही, याची खात्री बाळगा. मला तोंड आहे हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, पण ते बंदही होतं.

परसराम तुमच्याकडच्या सोसायटीला गप्पी मासे पाठवणार आहेत, विहिरीत आणि टाक्यांत सोडायला. डासांच्या अळ्या खातात. कोणी पिशवीत मासे घेऊन दारात आलं तर शिव्या देऊ नका, घ्या.

दिवस भरत आले आहेत. अंगडं शिवायला घेतलंत का?

रुखमिणी


टोली
१४ मार्च

विहीणबाई,

मुलगी झाली. पहाटे, पवनीच्या दवाखान्यात. दोघी छान. नाक तुमचं आहे, नाइलाज आहे.

या.

रुखमिणी


टोली
३० मार्च

मनकर्णाबाई,

आज विहीण म्हणून लिहीत नाही.

बारशाला तुम्ही आला नाहीत. जावईबापू एकटे आले, पिशवीत चांदीचे वाळे आणि तुम्ही हातानं शिवलेलं अंगडं घेऊन. टाके इतके बारीक की माझ्या चष्म्याला दिसेनात. गावातल्या बाया विचारत होत्या, आजी कुठे आहे? मी म्हटलं, गुडघा. तुमच्या घरचं खोटं आता माझ्याही घरात आलं.

पाहुणे गेल्यावर मी गुड्डीपुढे तुमच्यावर तोंड सोडलं. म्हटलं, लाज लाज म्हणजे किती? स्वतःच्या पायाची लाज नातीपेक्षा मोठी का? तेव्हा ती पोर, जिनं इतके दिवस तोंड उघडलं नव्हतं, पाळण्याची दोरी सोडून माझ्यावर ओरडली : "आई, थे लाजत नाईत. थे भितात. बाळाले लागन म्हनून भितात."

मग तिनं सगळं सांगितलं. तुमचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. कपडे तुम्ही वेगळे धुता आणि मागच्या काटेरी कुंपणावर वाळत घालता. गुड्डीला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी तुम्ही तुमचं अंथरूण मागच्या खोलीत नेलं आणि तिला म्हणालात, "माह्याजवळ येऊ नको, लेकरू हाय पोटात." ती पाया पडायला वाकली की तुम्ही मागे सरकता.

मनकर्णाबाई, मी रडले. लिहायला लाज वाटत नाही. तुम्ही नुसतं न येऊन माझा अपमान करताय असं मला वाटत होतं, आणि तुम्ही तिकडे अंगडं शिवून, साबणानं हात धुऊन, ते कागदात गुंडाळून पाठवत होतात. मांडवातही पाय तुम्ही माझ्यासाठीच ओढून घेतला होता, माझे हात लागू नयेत म्हणून. हो ना?

आता नीट वाचा. हा आजार हातानं लागत नाही. ताटानं, कपड्यानं, मांडीवर घेतल्यानं लागत नाही. एका माणसाचा दुसऱ्याला तो डासच देतो, दुसरं कोणी देत नाही. आईचा लेकराला जन्मानं होत नाही. हे मी म्हणत नाही, तृप्ती म्हणते, आणि तिच्या डॉक्टरीणबाईंना मी स्वतः पवनीला जाऊन विचारून आले. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "कोणासाठी विचारताय?" मी म्हटलं, बहिणीसाठी.

तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास बसणार नाही, तृप्तीच्याही नाही. इतकी वर्षं मनात बसलेली गोष्ट कागदानं उठत नाही. म्हणून माझ्या अंगणात रोज सकाळी काय चालतं तेवढं सांगते.

बाळाला आंघोळ घालायला धुरपताबाई येतात. माझी कंबर धरते, मला खाली बसून जमत नाही. टोलीत धुरपताबाईंएवढी लेकरं कोणी न्हाऊ घातली नसतील. बाई पाटावर बसतात, दोन्ही पाय लांब करतात, सुजलेला आणि चांगला जवळजवळ, आणि पोरीला त्या दोन पायांवर पालथी टाकतात. तेल, मग डाळीचं पीठ, मग पाणी. पोर रडते, मुतते आणि मग तिथेच डोळे मिटते. सुजलेल्या पायावर तिला जास्त आवडतं, रुंद आहे म्हणून. धुरपताबाईंनी याच पायांवर आपले दोन नातू वाढवले. एक पोलीस भरतीत धावून पास झाला आहे.

आमच्याकडे विहारातली बाई लेकराला आंघोळ घालते म्हणून एक-दोन घरांत कुजबुज झाली. गुड्डीनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून आंघोळ मागच्या अंगणातून पुढच्या अंगणात आणली, सगळ्या गल्लीसमोर. पोर कोणावर गेली आहे माहीत नाही. माझ्यावरच गेली असावी.

काल धुरपताबाईंना तुमच्याबद्दल सांगितलं. नाव नाही सांगितलं, पण त्यांना कळलं. पोरीच्या पाठीवर पाणी टाकत टाकत म्हणाल्या, "मलेही असंच सांगतलं होतं कोनी. मी आयकलं नाई, कारन लेकराले पाहाले दुसरं कोनी नोतं. थ्या बाईले सांगा, माह्या घरी दुसरं कोनी नोतं म्हनून मी वाचली."

यापुढे मी बोलावणार नाही. रीत पाळायला या असंही म्हणणार नाही. पोर सव्वा महिन्याची होईल, मग गुड्डी तुमच्या घरी परत येईल, आणि त्याच घरात तुम्ही मागच्या खोलीत आणि ती पुढच्या खोलीत, अशी तुमची नात वाढणार आहे. मला झोप लागत नाही ती याची.

तुमची
रुखमिणी


८ एप्रिल

रुखमिणीबाईंस मनकर्णाचा रामराम.

पत्रं मिळाली. अक्षर जरा मोठं काढत जा.

तुम्ही शनिवारी पाय धुता असं लिहिलं. पाय रोज धुवायचा असतो. मी आमच्या आशेला विचारलं. शनिवारी सगळ्या जमतात ते ठीक, पण बाकीच्या दिवशी काय करता ते लिहिलं नाही. मी तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हापासून रोज धुते, मागच्या खोलीत दार लावून. पाला सोडला. मधल्या दिवसांत ताप आला नाही. आधी तुम्हाला कळवणार नव्हते.

गप्पी मासे आले. विहिरीत सोडले. रंभाबाई सोबत होती, तिला मी पाय दाखवला. ती म्हणाली, "मले ठाऊक होतं व." सगळ्यांनाच ठाऊक होतं म्हणते. मग मी इतकी वर्षं कोणापासून झाकला कोण जाणे. आता गुरुवारी आमच्या पडवीत बाया बसतात. पहिल्या दिवशी मी आणि रंभाबाई दोघीच होतो. परवा पडवी पुरली नाही.

गुड्डीनं सांगितलं ते खरं आहे. पाय सुजायला लागला तेव्हा चंद्रकुमार शाळेत जायला लागला होता. एका जाणत्या म्हणवणाऱ्या माणसानं मला सांगितलं, पोराला जवळ घेऊ नको, त्याला होईल. मी घेतलं नाही. तो रात्री उठून माझ्या अंथरुणात यायचा, मी त्याला उचलून त्याच्या बापाजवळ नेऊन टाकायची. मग तो येईनासा झाला. त्याला कारण कधी सांगितलं नाही. तुमचं शेवटचं पत्र मी त्याला वाचायला दिलं. त्यानं वाचलं, घडी घातली, दुकानात गेला. संध्याकाळी परत आला आणि माझा पाय धुवायचं पाणी त्यानंच काढून ठेवलं. आमच्याकडे बोलत नाहीत.

मी सोमवारी सकाळच्या गाडीनं येते. माझ्यासाठी काही करत बसू नका. बाळाची आंघोळ तेवढी थांबवून ठेवा. पाणी किती कडक आहे ते मी हात घालून पाहीन, तुम्ही कडक ठेवत असाल असं वाटतं.

धुरपताबाईंना म्हणावं त्या दिवशी याच. पाय लांब करून लेकरू घ्यायची मला सवय राहिली नाही, आणि पाय कापेल. पोरीला माझ्या पायांवर त्यांनीच ठेवावं. गुड्डीनं नको, ती रडेल. तुम्हीही नको, तुम्ही बोलत राहाल.

मनकर्णा